कॅश किती, आणि त्यातली तुमच्या वाट्याला किती?

सर्व्हरच्या प्रोसेसरवर गिगाबाइटभर कॅश (रॅममधला वारंवार लागणारा डेटा कोअरच्या हाताशी ठेवणारी वेगवान मेमरी) मिळू लागली, तशी या सदराकडे येणारी तिच्याबद्दलची पत्रंही वाढली. त्यातली काही या वेळी एकत्र घेतली आहेत. (‘कॅशे’ लिहावं की ‘कॅश’ असं दोघांनी विचारलंय. उच्चार ‘कॅश’ असाच आहे, त्यामुळे आम्ही तेच लिहितो. रोकडीशी घोटाळा होतो खरा, पण किमती पाहता तो फार चुकीचाही नाही.)

प्रश्न : आमच्याकडे दोन कोटेशनं आली आहेत. एकात एएमडीचा एपिक ९६८४एक्स आहे, त्याची एल-३ कॅश १,१५२ एमबी. दुसऱ्यात इंटेलचा झिऑन ६९८०पी, त्याची ५०४ एमबी. किमतीचा विचार बाजूला ठेवला तर पहिला दुपटीने सरस धरायचा का? — सिस्टीम ॲडमिन, पुणे

नाही. एल-३ म्हणजे अनेक कोअर वाटून घेतात ती मोठी कॅश. १,१५२ ही तिची बेरीज आहे आणि तेवढा एकसंध साठा त्या प्रोसेसरमध्ये कुठेच नाही. ९६८४एक्समध्ये ९६ कोअर १२ चिपलेटवर (सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यांवर) वाटलेले आहेत, म्हणजे दर चिपलेटवर ८ कोअर आणि त्यांची ९६ एमबी एल-३. एखादा कोअर आपला डेटा फक्त स्वतःच्या चिपलेटच्या ९६ एमबीत ठेवू शकतो. शेजारच्या चिपलेटची कॅश रिकामी पडली असली तरी ती त्याच्या कामाची नाही. तिथली ओळ (कॅशमधला डेटाचा छोटा ठोकळा) वाचायचीच झाली तर मधल्या आयओ डायला, म्हणजे चिपलेटना एकमेकांशी आणि रॅमशी जोडणाऱ्या तुकड्याला, वळसा घालून जावं लागतं, आणि त्याला जवळजवळ रॅमइतकाच वेळ लागतो.

झिऑन ६९८०पीमध्ये १२८ कोअर तीन मोठ्या तुकड्यांवर आहेत. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक तुकडा स्वतंत्र नुमा नोड (स्वतःची कॅश आणि रॅम जवळ असलेला गट) म्हणून चालतो, म्हणजे एका कोअरच्या हाताशी ५०४ भागिले ३, अर्थात १६८ एमबी. बायोसमध्ये मोड बदलून सगळी ५०४ एमबी एकत्र करता येते, पण मग दूरच्या तुकड्यापर्यंत जाण्याचा वेळ सरासरीत मिसळतो.

त्यामुळे दोन आकडे वेगवेगळे काढा. पहिला, एकट्या कोअरला जास्तीत जास्त किती मिळते : एएमडीवर ९६, इंटेलवर १६८. दुसरा, सगळे कोअर कामाला जुंपल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती येते : एएमडीवर ९६ भागिले ८, म्हणजे १२ एमबी, इंटेलवर ५०४ भागिले १२८, म्हणजे ३.९ एमबी. एका हिशेबात इंटेल पुढे, दुसऱ्यात एएमडी तिपटीने पुढे. शंभर स्वतंत्र जॉब एकाच वेळी चालणार असतील तर दुसरा आकडा पाहा. एकच मोठा प्रोग्राम दीडशे एमबीचं टेबल सतत चाळत असेल तर पहिला. एल-२, म्हणजे प्रत्येक कोअरची स्वतःची छोटी कॅश, वेगळी धरायची. ती एएमडीवर कोअरमागे १ एमबी आणि इंटेलवर २ एमबी आहे.

आणखी एक गोष्ट कोटेशनवर कधीच छापलेली नसते. बाराही चिपलेटवरच्या प्रोसेस ६० एमबीचं एकच टेबल वाचत असतील, तर प्रत्येक चिपलेट त्याची आपली वेगळी प्रत ठेवते. १२ गुणिले ६०, म्हणजे ७२० एमबी एकाच मजकुराच्या बारा प्रतींत गेली. कागदावरच्या १,१५२पैकी वेगळ्या डेटासाठी उरली ४३२.

हे यंत्रावर पाहायचं असेल तर लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ कमांड मोठ्या ‘सी’च्या पर्यायासह चालवा. तक्त्यात ‘वन-साइझ’ आणि ‘ऑल-साइझ’ असे दोन रकाने दिसतील. एल-३च्या ओळीत पहिल्यात ९६ एमबी आणि दुसऱ्यात १.१ जीबी येतं. विक्रेता दुसरा रकाना वाचून दाखवतो, तुमचा प्रोग्राम पहिल्या रकान्यात राहतो. कोणते कोअर कोणती कॅश वाटून घेतात हे सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये) त्या सीपीयूच्या ‘कॅश’ फोल्डरमधल्या ‘इंडेक्स-३’खाली ‘शेअर्ड सीपीयू लिस्ट’ नावाच्या फाइलमध्ये मिळतं.

प्रश्न : एवढी मोठी कॅश चिपवर मावते कशी? आणि हे सगळं गेल्या चार-पाच वर्षांतच का सुचलं? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

मावत नाही, हीच तर अडचण आहे. कॅशची एसरॅम पेशी सहा ट्रान्झिस्टरची असते. ६४ एमबी म्हणजे ५३ कोटी ६८ लाखांहून जास्त बिट. सहाने गुणलं की नुसत्या डेटासाठी सव्वातीनशे कोटींच्या आसपास ट्रान्झिस्टर होतात. कुठल्या ओळीत काय आहे याची नोंद ठेवणारे टॅग वेगळेच.

पूर्वी दर पिढीला ही पेशी लहान व्हायची, आता तसं होत नाही. टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेत तिचं क्षेत्रफळ ०.०२१ चौरस मायक्रोमीटर होतं. ३ नॅनोमीटरच्या पहिल्या आवृत्तीत ते ०.०१९९ झालं आणि त्याच पिढीच्या स्वस्त, सुधारित आवृत्तीत परत ०.०२१वर आलं. म्हणजे गणित करणारा भाग लहान झाला, कॅश होती तेवढीच राहिली आणि वेफर महागला. २ नॅनोमीटरला ०.०१७५पर्यंत घट आहे, पण जुन्या वेगाच्या मानाने ती किरकोळच.

एएमडीने यातून काढलेली वाट अशी : कॅश जुन्या, स्वस्त ७ नॅनोमीटर प्रक्रियेत वेगळ्या तुकड्यावर बनवायची आणि कोअरच्या चिपलेटवर चढवायची. जून २०२१मध्ये हे जाहीर झालं आणि मार्च २०२२मध्ये ‘मिलान-एक्स’ एपिक बाजारात आले. चिपलेटवर मुळात ३२ एमबी एल-३ होती. तिच्या डोक्यावर ६४ एमबीचा, सुमारे ४१ चौरस मिलिमीटरचा तुकडा बसवला. दोघांत सोल्डरचे गोळे नाहीत, तांब्याला तांबं थेट चिकटवलेलं आहे आणि दोन जोडांमधलं अंतर ९ मायक्रोमीटर. जोड इतके दाट असल्यामुळेच वरची कॅश खालच्या कॅशचाच भाग असल्यासारखी चालते आणि विलंब अवघ्या चार-एक क्लॉक सायकलनी वाढतो. कॅशचा तुकडा खालच्या एल-३वरच बसतो. बाजूला कोअरच्या डोक्यावर कोऱ्या सिलिकॉनचे तुकडे लावतात, म्हणजे वरची पातळी सपाट राहते आणि उष्णता वर जायला रस्ता मिळतो.

तरी उष्णतेची किंमत मोजावी लागतेच. ६४ कोअरच्या साध्या ७७६३चा मूळ वेग २.४५ गिगाहर्ट्झ, त्याच्याच कॅशवाल्या भावाचा, ७७७३एक्सचा, २.२. दोन्हींची वीजमर्यादा २८० वॅट. कॅशमध्ये न मावणारं किंवा कॅशची गरजच नसलेलं काम कॅशवाल्या प्रोसेसरवर थोडं हळूही होऊ शकतं, ते यामुळे. डेस्कटॉपच्या रायझन ९८००एक्स३डीमध्ये नोव्हेंबर २०२४पासून उतरंड उलटी केली आहे, कॅश खाली आणि कोअर वर.

‘आत्ताच का’ याचं उत्तर रॅमच्या वाटेवर सापडतं. मिलानला (एपिक ७००३ पिढीला) डीडीआर४-३२००चे आठ चॅनेल, म्हणजे सेकंदाला २०४.८ जीबी. ६४ कोअरमध्ये वाटले तर प्रत्येकी ३.२ जीबी. पुढच्या पिढीला डीडीआर५-४८००चे बारा चॅनेल आले, एकूण ४६०.८ जीबी झाले, पण कोअरही ९६ झाले, प्रत्येकी ४.८. चॅनेल वाढवायचा तर सॉकेटच्या पिना वाढतात, मदरबोर्डचे थर वाढतात, डीआयएमएमसाठी (रॅमच्या पट्ट्यांसाठी) जागा लागते. नळ मोठा करता येत नसेल तर घरात पिंप ठेवायचं, एवढा हा सरळ हिशेब. दुसरं कारण विजेचं. २०१४च्या आयएसएससीसी या चिप डिझाइनच्या परिषदेत मार्क होरोविट्झ यांनी मांडलेले ४५ नॅनोमीटरचे आकडे आजही दाखले म्हणून दिले जातात : ६४ बिट १ एमबी कॅशमधून आणायला १०० पिकोज्यूल, डीरॅममधून आणायला १,३०० ते २,६००.

प्रश्न : कॅश इतकी मोठी असेल तर रॅम कमी घेऊन चालेल का? — सांगली

चालणार नाही. कॅशमध्ये असते ती रॅममधल्या मजकुराची प्रत. उलट मोठ्या कॅशचा प्रोसेसर घेऊन बारापैकी सहाच चॅनेलमध्ये रॅम लावणं ही आम्हाला वारंवार दिसणारी चूक आहे. ४६०.८चे २३०.४ होतात आणि कॅशने मिळवलेलं तिथेच जातं.

प्रश्न : आम्ही चिप डिझाइनचं व्हेरिफिकेशन करतो. आरटीएल सिम्युलेटरच्या लायसन्सचा वर्षाचा खर्च सर्व्हरपेक्षा जास्त आहे. मोठ्या कॅशचा प्रोसेसर परवडेल का, आणि घेण्याआधी तपासायचं कसं? — बेंगळुरू

मोठ्या कॅशचं चीज कुठे होतं असं विचारलं तर आम्ही आधी तुमच्याच कामाचं नाव घेऊ. आरटीएल सिम्युलेशनमध्ये, म्हणजे चिपचा आराखडा सॉफ्टवेअरमध्ये चालवून पाहताना, एका घटनेमुळे पुढची घटना घडते, एका पत्त्यावर दुसरा पत्ता सापडतो, आणि पुढे काय लागेल हे प्रीफेचरला (डेटा आधीच आणून ठेवणाऱ्या भागाला) ओळखता येत नाही. म्हणजे कॅश चुकली, हवा तो डेटा तिथे नसला, की कोअर रॅमची वाट पाहत नुसता बसून राहतो. एएमडीने मिलान-एक्सबरोबर दिलेला आकडा असा : सिनॉप्सिस व्हीसीएस या सिम्युलेटरवर १६ कोअरच्या साध्या ७३एफ३ने तासाला २४.४ जॉब केले, १६ कोअरच्याच ७३७३एक्सने ४०.६. वाढ ६६ टक्के. विक्रेत्याने निवडलेलं डिझाइन आहे, त्यामुळे तुमच्याकडे एवढंच मिळेल असं धरू नका. पण दिशा बरोबर आहे.

तुमच्या दृष्टीने पाहण्यासारखे दोन प्रोसेसर आहेत. एपिक ९१८४एक्समध्ये कोअर फक्त १६ आणि एल-३ ७६८ एमबी. आठ चिपलेट, प्रत्येकावर दोनच कोअर चालू, म्हणजे कोअरमागे ४८ एमबी. दुसरा ९१७५एफ, हाही १६ कोअरचा, पण चिपलेट सोळा! प्रत्येकावर एकच कोअर जागा, त्याला ३२ एमबी एकट्याला. यात वर चढवलेली कॅश नाहीच. सात कोअर झोपवून त्यांची कॅश आठव्याला दिली आहे. उधळपट्टी वाटेल, पण एकाच वेळी जितके जॉब चालवाल तितकी लायसन्स लागतात, तिथे हा हिशेब बरोबर बसतो.

आता तपासणी. मोठ्या कॅशचा सर्व्हर हाताशी नसतानाही अंदाज काढता येतो. हाताशी असलेल्या सर्व्हरची कॅश वाढवता येत नाही, पण कमी करता येते. लिनक्समध्ये ४.१०पासून ‘रिसकंट्रोल’ नावाची फाइल सिस्टीम आहे आणि तिच्यातून एल-३चे कप्पे प्रोसेसना वाटून देता येतात. इंटेलच्या बऱ्याच झिऑनवर आणि एएमडीच्या रोम (एपिक ७००२) पिढीपासून पुढे हे चालतं.

आधी रिसकंट्रोल माउंट करा आणि तिच्यात एक नवा फोल्डर काढा. तो काढला की आतल्या फाइली आपोआप तयार होतात. ‘स्कीमाटा’ या फाइलमध्ये एल-३चा मास्क, म्हणजे कोणते कप्पे वापरायचे ते सांगणारा आकडा, असतो. १६ कप्प्यांच्या कॅशवर तो सोळा बिटांचा, म्हणजे हेक्समध्ये चार ‘एफ’. सिम्युलेशनच्या प्रोसेसचा क्रमांक ‘टास्क्स’ फाइलमध्ये लिहा आणि जॉब चार वेळा चालवा : १६ कप्पे, १२, ८ आणि ४. प्रत्येक वेळचा वेळ कागदावर मांडा. १६वरून १२वर येतानाच वेळ झपाट्याने वाढत असेल तर तुमचं काम आत्ताच कॅशला उपाशी आहे, मोठी कॅश दिल्यास ते खाईल. १६, १२ आणि ८ला वेळ जवळपास तोच राहिला तर पैसे वाचवा आणि जास्त वेगाचा कोअर घ्या.

यात चुका तीन ठिकाणी होतात. एक, मास्क बदलल्यावर आधीच कॅशमध्ये बसलेला डेटा लगेच बाहेर जात नाही. नव्या ओळी कुठे बसतील एवढंच मास्क ठरवतो. म्हणून मास्क आधी लिहा, जॉब नंतर सुरू करा आणि पहिली काही मिनिटं मोजणीत धरू नका. दोन, जुन्या कर्नलवर ‘टास्क्स’मध्ये एका वेळी एकच क्रमांक जातो. आधीच चालू असलेल्या, अनेक थ्रेड असलेल्या प्रोसेसचा प्रत्येक थ्रेड वेगळा लिहावा लागतो. सोपा मार्ग म्हणजे शेलचाच क्रमांक लिहायचा आणि त्या शेलमधून जॉब सुरू करायचा, म्हणजे त्याची पिलावळ त्याच गटात जन्मते. तीन, शेजारी. त्याच चिपलेटवर दुसरं काही चालू असेल तर तुम्ही तुमची कॅश मोजत नाही, त्याची भूक मोजता.

याच्या जोडीला एक सोपा प्रयोग करा. तोच जॉब एका चिपलेटवर ‘टास्कसेट’ने बांधून आधी एकटा चालवा, मग एकदम आठ प्रती. आठ प्रतींना प्रत्येकी दीडपट वेळ लागला तर भांडण आहे हे नक्की; मात्र ते कॅशवरून आहे की त्या चिपलेटच्या रॅमकडे जाणाऱ्या वाटेवरून, हे एवढ्यावरून कळत नाही. आठही कोअर तापल्यावर क्लॉकही थोडा उतरतो. म्हणून निर्णय मास्कच्या प्रयोगावर घ्या.

प्रश्न : ४०० जीबीच्या पोस्टग्रेस डेटाबेससाठी मोठ्या कॅशचा सर्व्हर घेतला. फरक जेमतेम जाणवतो. काय चुकलं? — मुंबई

४०० जीबीपुढे ९६ एमबी म्हणजे समुद्रात तांब्या. इंडेक्सची वरची पानं कॅशमध्ये राहतात, ती आधीच्या सर्व्हरवरही राहत होती. खालची पानं आणि प्रत्यक्ष ओळी रॅममधूनच येतात. कमिटच्या वेळी डिस्कची वाट पाहणं तर कॅशने कधीच कमी होत नाही.

पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे. प्रोसेसरला प्रत्येक पानाचा खरा पत्ता शोधावा लागतो आणि ते पत्ते तो टीएलबी नावाच्या छोट्या वहीत ठेवतो. झेन ४ (९६८४एक्सच्या पिढीच्या) कोअरच्या या वहीच्या दुसऱ्या पातळीत ३,०७२ नोंदी मावतात. पान ४ केबीचं असेल तर त्या नोंदी फक्त १२ एमबी व्यापतात. म्हणजे डेटा ९६ एमबीच्या कॅशमध्ये असूनही त्याचा पत्ता शोधायला वेळ जातो. पान २ एमबीचं केलं की त्याच ३,०७२ नोंदी ६ जीबी व्यापतात.

शेअर्ड बफर (पोस्टग्रेसने स्वतःसाठी घेतलेली रॅम) ६४ जीबी असतील तर २ एमबीची ३२,७६८ पानं लागतात, शिवाय थोडी जास्तीची. नेमका आकडा पोस्टग्रेस १५पासून स्वतः सांगतं, ‘शेअर्ड मेमरी साइझ इन ह्यूज पेजेस’ या पॅरामीटरमधून. सर्व्हर बंद असताना तो विचारा आणि तोच कर्नलच्या ‘एनआर ह्यूजपेजेस’मध्ये लिहा. मग पोस्टग्रेसच्या ‘ह्यूज पेजेस’ सेटिंगमध्ये ‘ट्राय’ काढून ‘ऑन’ करा. ‘ट्राय’ ही मूळ सेटिंग फसवी आहे : पानं कमी पडली तर ती गुपचूप ४ केबीवर येते आणि तुम्हाला कळतही नाही. ‘ऑन’ असेल तर सर्व्हर सुरूच होणार नाही, आणि इथे तेच बरं. ही पानं यंत्र नुकतं बूट झालेलं असताना राखून ठेवा; महिनाभर चाललेल्या सर्व्हरवर रॅम तुकड्या-तुकड्यांची झालेली असते आणि सलग २ एमबी सापडत नाहीत.

प्रश्न : हवामानाचं मॉडेल जास्त नोडवर चालवलं तर वेग नोडच्या पटीपेक्षाही जास्त वाढला. मोजणीत चूक आहे का? — संशोधक विद्यार्थिनी, पुणे

चूक असेलच असं नाही. आकडे घालून पाहू. समजा प्रत्येक रँककडे (समांतर चालणाऱ्या एका प्रोसेसकडे) जाळीचा ८० बाय ८० चा तुकडा आहे, उंचीचे ५० थर, सगळ्या बाजूंना ३ ओळींचा हेलो (शेजारच्या तुकड्यातल्या डेटाची प्रत ठेवणारी कड), आकडे ४ बाइटचे, आणि आतल्या लूपमध्ये २० चल लागतात. ८६ गुणिले ८६ गुणिले ५० गुणिले ४ म्हणजे एका चलाला सुमारे १.४८ एमबी; वीस चलांना २९.६. एका चिपलेटवर आठ रँक, म्हणजे २३७ एमबी. ९६मध्ये मावत नाही, दर पायरीला रॅमची फेरी होते.

नोड चौपट केले की तुकडा ४० बाय ४० होतो. ४६ गुणिले ४६ने तोच हिशेब केला तर रँकमागे साधारण ८.५ एमबी आणि आठ रँकना ६८. हे ९६मध्ये आरामात बसतं, साध्या चिपलेटच्या ३२मध्ये बसत नाही. नोड चौपट आणि वर रॅमची फेरी वाचली, म्हणून वेग चौपटीहून जास्त.

हे फार ताणू नका. ८० बाय ८० ला हेलोचा जादा भार १६ टक्के होता, ४० बाय ४० ला तो ३२ टक्के होतो आणि २० बाय २० ला ६९ टक्के. तिथे नेटवर्क आणि पुनरावृत्ती सगळा फायदा गिळतात. रँक बांधताना ओपन एमपीआयला (रँक सुरू करून त्यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला) ‘एल-३ कॅशप्रमाणे वाट’ असं सांगता येतं. ते न सांगता अर्धेच रँक चालवले तर काही चिपलेट भरलेले आणि काही रिकामे राहू शकतात. तुलनेसाठी : पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१८ साली आलेल्या ‘प्रत्यूष’मधल्या १८ कोअरच्या झिऑनला ४५ एमबी एल-३ होती, कोअरमागे अडीच एमबी.

प्रश्न : आमच्या क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये एल-३ फक्त १६ एमबी दिसते. फसवणूक आहे का? — ठाणे

बहुधा नाही. क्यूईएमयू हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर पाहुण्या मशीनला बऱ्याचदा ठरीव आकडा दाखवतं, खरी कॅश तीच राहते. पण ॲप्लिकेशन हा आकडा वाचून आपले तुकडे पाडत असेल तर तोटा होतो. सर्व्हर तुमचा स्वतःचा असेल तर ‘होस्ट कॅश इन्फो’ हा पर्याय चालू करा आणि व्हीसीपीयू (मशीनला दिलेले आभासी सीपीयू) कोअरला बांधा. नुसता आकडा खरा दाखवून बांधलं नाही तर ते आणखी वाईट, कारण पाहुण्याला वाटतं कॅश एक आहे आणि त्याचे थ्रेड चार चिपलेटवर फिरत असतात.

मशीनचा आकारही चिपलेट पाहून ठरवा. आठ कोअरच्या चिपलेटवर दोन-दोन थ्रेड धरले तर १६ व्हीसीपीयूचं मशीन नीट बसतं. २०चं मशीन दोन चिपलेटवर पाय टाकून उभं राहतं आणि दोन्हीकडे शेजाऱ्यांशी भांडतं. बायोसमध्ये ‘एल-३ कॅश ॲज नुमा डोमेन’ चालू केलं की दोन सॉकेटचा ९६८४एक्स सर्व्हर २४ नोड दाखवतो. शेड्युलरला त्याने मदत होते. पण नोडमागे रॅम मर्यादित असते असं समजणारं सॉफ्टवेअर गोंधळतं, म्हणून डेटाबेसच्या सर्व्हरवर हे डोळे मिटून चालू करू नका.

प्रश्न : मी इथे एका बँकेच्या मेनफ्रेमवर काम करतो. आयबीएमच्या नव्या प्रोसेसरमध्ये एल-३ नाहीच म्हणतात, ते कसं? — न्यू जर्सी

वेगळी एल-३ नाही हे खरं. झेड-१५पर्यंत आयबीएम एम्बेडेड डीरॅम वापरत असे : एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, त्यामुळे दाट. प्रोसेसर चिपवर २५६ एमबी एल-३ आणि शेजारच्या वेगळ्या चिपवर ९६० एमबी एल-४. सॅमसंगच्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर गेल्यावर ती सोय राहिली नाही. मग झेड-१६च्या टेलममध्ये आठ कोअरना प्रत्येकी ३२ एमबी एल-२ दिली आणि उतरंडच बदलली. तुमच्या कोअरच्या एल-२मधून एखादी ओळ बाहेर पडली की ती ज्या शेजाऱ्याकडे जागा आहे त्याच्या एल-२मध्ये जाते. अशी आठ मिळून २५६ एमबीची आभासी एल-३ होते, आणि एका ड्रॉवरमधल्या (मेनफ्रेमच्या एका खणातल्या) आठ चिप मिळून २ जीबीची आभासी एल-४. टेलम-२मध्ये ३६ एमबीचे दहा गट आहेत, चिपवर ३६० एमबी आणि आभासी एल-४ २.८८ जीबी. शेजाऱ्याची कॅश उधार घेता येत नाही ही एएमडीची अडचण आम्ही वर सांगितली, ती आयबीएमने अशी सोडवली. एवढ्या चिप एकमेकींना बांधण्याचा खर्च मात्र बँकाच देऊ शकतात.

प्रश्न : या शर्यतीत पुढे कोण आहे? — कोल्हापूर

सगळे एकाच दिशेने धावत नाहीत. इंटेलने तर मध्ये उलट पावलं टाकली होती : झिऑनच्या ब्रॉडवेल पिढीला कोअरमागे २.५ एमबी एल-३ होती, २०१७च्या स्कायलेकला १.३७५, बदल्यात एल-२ चौपट करून १ एमबी. सॅफायर रॅपिड्सला १.८७५, आणि डिसेंबर २०२३च्या एमराल्ड रॅपिड्सला एकदम ५. त्याच्याच मधल्या काळात झिऑन मॅक्स आला, पॅकेजमध्ये ६४ जीबी एचबीएम (थरांवर थर रचलेली, रुंद वाटेची मेमरी) घेऊन. तो वेगळ्या रोगावरचा इलाज होता : एचबीएमची रुंदी प्रचंड, पण एका ओळीची वाट पाहण्याचा वेळ रॅमसारखाच. आरटीएल सिम्युलेशनला त्याचा फारसा उपयोग नाही, द्रवगतिकीला आहे.

आर्मवाले क्लाउडकडे पाहतात. ॲम्पिअर ॲल्ट्रा मॅक्सला १२८ कोअरमध्ये सामायिक कॅश अवघी १६ एमबी. ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटन-४ला कोअरमागे २ एमबी एल-२ आणि सामायिक ३६ एमबी. भाडेकरूंना खोल्या द्यायच्या तर प्रत्येकाला स्वतःची मोरी बरी, मोठं सामायिक न्हाणीघर नको, असा हा विचार आहे, आणि आमच्या मते त्या धंद्यासाठी तो योग्यच आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या ‘औम’ प्रोसेसरच्या आराखड्यातही ९६ आर्म कोअर, ९६ एमबी एल-२ आणि ९६ एमबी सामायिक कॅश, शिवाय एचबीएम, असा मधला रस्ता दिसतो.

आणि एएमडीच्याच ऑक्टोबर २०२४च्या ट्युरिन मालिकेत वर चढवलेल्या कॅशचा एकही प्रोसेसर आला नाही. १२८ कोअरच्या ९७५५ला साधी ५१२ एमबी आहे. म्हणून ‘नवी पिढी म्हणजे जास्त कॅश’ असं धरून ऑर्डर देऊ नका.

प्रश्न : जुन्या एपिक ७००३च्या बोर्डवर ७७७३एक्स बसेल का? सेकंड हँड स्वस्त मिळतोय. — छत्रपती संभाजीनगर

सॉकेट तोच, एसपी-३. बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत मिलान-एक्स असेल तर आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करा, मग बदला. स्क्रू टी-२० टॉर्क्सचे असतात. बसवताना १-२-३ या छापील क्रमाने, काढताना उलट. ४,०९४ संपर्कबिंदू आहेत. कूलर एका बाजूला जास्त आवळला तर यंत्र सुरू होतं पण रॅमचे एक-दोन चॅनेल गायब असतात. असं झालं तर रॅम बदलत बसू नका, कूलर सैल करून परत समान आवळा. कूलर २८० वॅटसाठीचा आहे ना, तेही पाहा.

आणि विकत घेण्याआधी एक प्रश्न विचाराच : हा प्रोसेसर कोणत्या कंपनीच्या सर्व्हरमधून निघाला? काही सर्व्हर उत्पादक पहिल्या बूटला प्रोसेसरमध्ये आपल्या किल्लीचा फ्यूज कायमचा जाळतात. असा प्रोसेसर दुसऱ्या उत्पादकाच्या बोर्डवर सुरूच होत नाही, आणि तो फ्यूज परत जोडता येत नाही. विक्रेता ‘टेस्टेड’ म्हणत असेल तर कोणत्या बोर्डवर टेस्ट केला ते लिहून घ्या.